आबांचं नाव मी घातलं

आदरणीय सर,

काल प्रेसमधून तुमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ आलं. "सरांना दाखवून आणते," असं मी प्रूफ आणणाऱ्या माणसाला म्हणून गेले. तो नुसता बघत राहिला. तुम्ही जाऊन चार महिने झाले. म्हणून हे पत्र.

रडू अजून आलेलं नाही. माझं काही बिघडलंय का?

सेलूच्या कॉलेजात तुम्ही मला इतिहास शिकवायचात, पुढं मी तुमचं लिखाण टाईप करायचे. हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्या दिवसांत आपल्याकडं शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं. आधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी मारलं. मग सुडात साधे मुसलमान शेतकरी मेले. दोन्हीकडच्या मेलेल्यांची नावं एकाच यादीत हवीत, एवढाच तुमचा हट्ट.

चाँदबीकडं आपण दोघं गेलो होतो. आमच्या घरानं फार पूर्वी सोडलेल्या मूळ गावची म्हातारी. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

"माझ्या बापाला हिरीत ढकललं," ती म्हणाली. "वोटिंग कार्ड हाय, रेशन कार्ड हाय. पण गावच्या हुतात्म्यांच्या स्तंभावर बापाचं नाव न्हाई. मग आमी कुठले, सर?"

कुणी ढकललं, तुम्ही विचारलंत. तिनं चार नावं सांगितली. तिसरं माझ्या आजोबांचं होतं. आबांचं. आडनावावरून तुम्हीही ओळखलंत.

परतताना एसटीत तुम्ही एवढंच म्हणालात, "शोभा, टाईप तुलाच करायचंय. बघ."

मी तीनच नावं टाईप केली. तुम्ही पान वाचलंत, चष्मा पुसलात आणि पुढचं पान मागितलंत. का नाही रागावलात, सर? एक शब्द बोलला असतात तर मी तेव्हाच घातलं असतं. की तेच तुम्हाला नको होतं?

काल प्रुफात मी आबांचं गाळलेलं नाव लिहिलं. वडलांना सांगितलं.

"मेलेल्या माणसाला कशाला उभं करायलीस?" ते म्हणाले. "तुला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे ते."

न्यायचे. तेही खरंच आहे. त्यानंतर वडील बोललेले नाहीत. मी भाकरी केल्या, दोघं जेवलो. मला वाईटही वाटलं नाही, बरंही वाटलं नाही.

पुस्तक आलं की मी चाँदबीकडं जाईन. तिला वाचता येत नाही. तिच्या बापाचं नाव वाचून दाखवीन, मग त्या चौघांची. आणि मी कुणाची नात, ते सांगेन. ती जा म्हणाली तर उठेन. पण सांगितल्याशिवाय उठणार नाही, हा माझा शब्द.

तुमची विद्यार्थिनी,
शोभा