हरखी गई पोर

५ जाने., रवि.
सुरतचे पाहुणे मला बघून गेले. मुलगा बरा. मोबाईलमधून डोकं वर काढलं तर आणखी बरा दिसेल. चहा देत होते तेवढ्यात त्याच्या आत्याने विचारलं नाही, सांगूनच टाकलं, "लगीन व्हयनं की नोकरी सोडनी पडी हां." माझी तळोद्याची शाळा गेली एका वाक्यात! हातावर सरसरून काटा आला. आत्याने तो बरोब्बर टिपला. "देखा वं, पोरना आंगवर काटा उना! हरखी गई पोर!" सगळे हसले. मीसुद्धा. का हसले मी? मूर्ख.

६ जाने.
आई गल्लीभर सांगत सुटलीय. दळण टाकायला गेली तर चक्कीवरही तेच, "मनी पोर हरखी गई." आमच्यात मुलीने तोंडाने हो म्हणायचं नसतं. ती हरखली की तोच होकार. येत्या रविवारी सुपारी फोडायची ठरली. मला कोण विचारतंय.

८ जाने.
सातवीच्या धड्यात 'हर्ष' आला. फळ्यावर लिहून दिलं, हर्ष म्हणजे आनंद. रिकाम्या तासाला शब्दकोश काढला, उगाच. मूळ धातू हृष्. अंगावरचे केस उभे राहणे. आनंदाने किंवा भीतीने! आपलं हरीख, हरखणं, सगळं त्या काट्यातूनच आलेलं. म्हणजे शब्दापुरती आत्याबाई बरोबर. माझ्यापुरती साफ चूक. स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले, मग रडू आलं.

१० जाने.
आईला सांगून पाहिलं, तो काटा भीतीचा होता. ती भाकरी थापत होती. "भ्याव तं सगळासले वाटस. माले बी वाटनं व्हतं." मग तूही तेव्हा हरखलीच होतीस का, विचारलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी आई ती उलटेना.

११ जाने., शनि.
उद्या सुपारी. घर माणसांनी भरलंय, श्वास घ्यायला जागा नाही. पळून जावं तर कुठे? संध्याकाळी नाना खोलीत आले. मी मोठी झाल्यापासून वडील असे कधी समोर बसलेले नाहीत. खाटेच्या कडेवर टेकले. "बेटा, तुले खरंज हरीख शे ना?"
"नई, नाना. माले भ्याव वाटस."
बाहेरून आईच्या हाका. सुपाऱ्या कुठे ठेवल्यात? त्या नानांच्याच सदऱ्याच्या खिशात होत्या. त्यांनी खिशावर हात ठेवला. ओ दिली नाही.