डावीकडची कुंडी

६ ऑक्टो., सोमवार
कॅलॅथियाच्या पानांच्या कडा पुन्हा करपल्या. तीन पानं सुरळी करून बसलीयत. बोट घातलं तर माती कोरडीठाक. यांना विचारलं तर म्हणे, घातलं की पाणी. कारखाना सुटल्यापासून कुंड्यांचं पाणी यांच्याकडे आहे. बाकीच्या चार टवटवीत आणि नेमकी माझ्या आवडीचीच उपाशी. मुद्दाम करतात की काय, असं मनात आलं. बोललेही तसं.
शाळेतून निवृत्त होऊन पाच महिने झाले मला. ओरडायला वर्गात मुलं नाहीत, म्हणून यांच्यावर ओरडते बहुतेक.

९ ऑक्टो., गुरुवार
सकाळी गॅलरीच्या दारात मागे उभी राहून बघितलं. झारी घेऊन उजवीकडून सुरुवात. एक, दोन, तीन, चार. झारी ठेवली, पंच्याला हात पुसले, आत. पाचवी कुंडी डाव्या भिंतीला, त्यांच्या कोपरापासून वीतभर. तिकडे बघितलंच नाही. "ती राहिली," म्हटलं. मग अख्खी मान वळवून, "अरे हो की."
दुपारी ताट उचलताना लक्षात आलं. भाजी, आमटी, भात सगळं साफ. चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. हे बरेच दिवस चाललंय. मला वाटायचं, दातांचं काहीतरी असेल. रत्नागिरीचा माणूस, ओल्या खोबऱ्याच्या चटणीशिवाय घास उतरायचा नाही.
चटणी डावीकडे. कुंडी डावीकडे.
वैदेहीला फोन करायला हवा. उद्या करीन. लेक पुण्यात, इथे येऊन काय करणार आहे ती.

१४ ऑक्टो., मंगळ.
स्टेशनजवळचे डोळ्यांचे डॉ. मशीनमध्ये तोंड घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. हे आयुष्यभर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मशीनवर, त्यामुळे ऐटीत बसले. बाहेर येऊन म्हणाले, सोपं होतं.
कागदावर डावी बाजू जवळजवळ सगळी काळी. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते टिकवायचं, असं डॉ. म्हणाले. थेंब सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. मी विचारलं, ऑपरेशन? तेही टिकवायलाच म्हणे.
येताना रिक्षात एकच वाक्य बोलले. "दिसला तेव्हा प्रत्येक वेळी दाबलं होतं गं मी."
त्या सोमवारी, कुंडीवरून, मी यांना खोटारडे म्हटलं होतं. तेव्हा इथे लिहिलं नाही.

२५ ऑक्टो., शनि.
दिवाळी कशीबशी पार पडली. वैदेही रोज फोनवर काहीतरी वाचून सांगते. तिचं नवीन म्हणणं, बाबांना ऐकू येईल असं झाड आण. काशीगावच्या बाजूला हायवेवरच्या नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याने शोभेचं गवत दाखवलं, फाउंटन ग्रास. जांभळट पाती, वर मांजराच्या शेपटीसारखे तुरे. "भाभी, इसको धूप और हवा दो, बाकी भूल जाओ."
घरी कुंडी बघून हे हसले. किती दिवसांनी. "गवत विकत आणलंस? अगं, डोंगरावर भारे कापून हात सोलले आमचे. तिकडे कळलं तर गाव हसेल." मग दोन्ही हातांनी पाती चाचपून बघितली.

२ नोव्हें., रवि.
दोन्ही कुंड्या समोरासमोर ठेवून बघत बसले होते. कॅलॅथियाला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, नळाचं ताजं पाणीसुद्धा बाधतं. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालते मी. बाळंतिणीचे लाड नुसते. गवताला यातलं काही नको. कॅलॅथिया तिन्हीसांजेला पानं उभी करून मिटून घेते, सकाळी पसरते. पण ते बघणाऱ्यालाच कळतं. गवत चारनंतर खाडीकडचं वारं सुटलं की वाजतं. मला तर खालच्या रिक्षाच ऐकू येतात. यांनी मात्र खुर्ची गवताशेजारी नेलीय.
कुंड्यांतलं तण काढायचा यांचा रविवारचा कार्यक्रम चालू आहे. बोटांनीच. एक काडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "हरळी. पेऱ्यापेऱ्याला गाठ. झोपेत हातात दिलीस तरी ओळखीन."
कॅलॅथियाच्या गुलाबी रेषा आता मी एकटीनेच बघायच्या. गवताचा राग येतो मला. वेडेपणा आहे, पण येतो.

२० नोव्हें., गुरु.
आज शहाणपणा केला. चटणी उजवीकडे वाढली, म्हणजे दिसेल. यांनी ताटावरून हात फिरवला आणि थांबले. "उलटं ताट श्राद्धाला वाढतात," म्हणाले. आवाज चढवला नाही. मी ताट बदलून आणलं. चटणी पुन्हा उरली.

१४ डिसें., रवि.
काय लिहू.
नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, तुरे वाळले की गवत मुठीएवढं छाटा. परवा छाटलं. आज सकाळी ऊन सरकलं म्हणून ती कुंडी डाव्या भिंतीला, कॅलॅथियापलीकडे कठड्याशी नेली आणि तिथली रिकामी कुंडी तिच्या जागी आणली. यांना दुपारी म्हटलं, रिकाम्या कुंडीतलं तण काढा, कोथिंबीर पेरू. म्हटलं कारण रिकामे बसून असतात. कुंड्या हलवल्याचं सांगायचं डोक्यातून गेलं.
संध्याकाळी उजेड उतरला की यांच्या उजव्या डोळ्यालाही धड दिसत नाही. सवयीने डाव्या भिंतीशी जाऊन बसले आणि सगळं गवत उपटलं. मुळांसकट, नीट, माती झटकून. जुडी बांधून ठेवली वर. मला हाक मारली दाखवायला. "फार माजलं होतं."
मी म्हटलं, "दिसत नाही तर हात कशाला लावता?"
तेहेतीस वर्षांच्या संसारात मी असं बोलले नव्हते. आणि बोलून झाल्यावर आठवलं की कुंडी मीच हलवलीय.
सांगितलं नाही.

१५ डिसें., सोम.
जुडी पुन्हा मातीत लावली. निम्मी मुळं तुटलेली. नर्सरीवाल्याला फोन केला. "जड़ में जान होगी तो आएगा, भाभी. नहीं तो नहीं." डॉक्टरपेक्षा बरा, निदान एक बाजू उघडी ठेवतो.
झारी सकाळी मी उचलली. हे आतच बसून होते, टीव्ही लावून, टीव्हीकडे न बघता.

२८ डिसें., रवि.
तण काढायला उठले नाहीत. मी म्हटलं, "अहो, कुंड्या." म्हणाले, "तू बघ." रागाने म्हणाले असते तर भांडता आलं असतं.
वैदेही येऊन गेली दोन दिवस. निघताना म्हणाली, बाबा इतके शांत कधी झाले? मी म्हटलं, थंडी आहे. भाईंदरला कसली थंडी. तिला तरी खरं सांगायचं होतं.

१३ जाने., मंगळ.
पुन्हा मशीन. या वेळी ऐट नाही. बटणावर अंगठा नुसता ठेवून, दबकत. कागदावर काळं आणखी सरकलंय, उजवीकडेही. थेंब चुकले का, डॉ.नी विचारलं. एकही नाही. मी स्वतः घालते, घड्याळ लावून. डॉ.नी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. थेंब बदलून दिले. मार्चमध्ये पुन्हा बघू, मग ऑपरेशनचं ठरवू.
कॅलॅथिया मात्र माजलीय. नवीन चार पानं. तिच्यासमोर उभं राहायला लाज वाटते.

२२ जाने., गुरु.
गवताच्या कुंडीत काही नाही. वाळक्या काड्या. टाकून द्यावी म्हणून उचलली, तर आतून आवाज आला. "राहू दे ती." कुंडी सरकल्याचा आवाज ओळखला यांनी.
म्हणजे त्या दिवशी सकाळीही ऐकला असेल? तेव्हा हे आंघोळीला गेले होते. बहुतेक. आता नक्की आठवत नाही.

२९ जाने., गुरु.
संध्याकाळी स्वतःहून गॅलरीत आले. भिंतीला हात लावत. त्या कुंडीत बोट घातलं, काड्या चाचपल्या आणि आत गेले. कालही केलं म्हणे, मी खाली दूध आणायला गेले होते तेव्हा.
विचारलं, "काही?" "नाही."

५ फेब्रु., गुरु.
आज यांनी हाक मारली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा गॅलरीतून. "अगं, इकडे ये. आलं बघ तुझं गवत."
धावत गेले. यांचं बोट मातीवर. बोटाखाली दोन हिरवी पाती, मातीला चिकटून सरपटलेली. पेऱ्याला गाठ.
हरळी.
बोट नेमकं गाठीवर होतं. चांगलं दाबून बघत होते ते गाठ. तोंड माझ्याकडे, म्हणजे मी उभी असेन असं वाटलं तिकडे. मी दुसऱ्या बाजूला होते.
"आलं ना?"
"हो, आलं," म्हटलं.
"मग रडतेस कशाला?" म्हणाले. मी आवाज केला नव्हता.
झारी कुठेय विचारलं. हातात दिली. सगळ्या कुंड्यांना घातलं, उजवीकडून, आणि शेवटी मान पूर्ण वळवून पाचवीलाही. थोडं बाहेर सांडलं. पुसलं नाही मी.
कुंडी मी हलवली होती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. जेवताना सांगू म्हटलं. जेवताना यांनी डावीकडे हात नेऊन, चाचपत, चटणी घेतली. मग सांगायचं राहिलंच.