चालतंय ते उघडू नये

३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोनवर तुझ्या भावाबद्दल मोकळं बोलायची सोय नाही, ते समोरच बसलेले असतात. मेल करावी तर संगणक पुन्हा आडवा पडलाय.

तुला कुठून बुद्धी झाली आणि तू त्यांना लिनक्स दाखवलंस? संगणक म्हातारा झाला, त्याच्या जुन्या प्रणालीची डागडुजी बंद झाली, हे कबूल. तू म्हणालीस, लिनक्स ही दुसरी प्रणाली, फुकट आहे, मोकळी आहे, आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं. घड्याळजीला झाकण उघडतं एवढंच कळायचा अवकाश. हात थरथरायला लागल्यामुळे दुकान बंद केलं, तेव्हापासून नुसते बसून होते. आता बसत नाहीत, मला बसू देत नाहीत. माकडाच्या हाती कोलीत म्हणणार होते, पण तुझा मोठा भाऊ आहे.

मला काय हवंय? शाळेतून निवृत्त झाल्यावर पुस्तकांच्या शेवटच्या शब्दसूची करायचं काम मिळालं, ते मला जिवापाड आवडतं. सध्या झाडांवरचा एक जाडजूड ग्रंथ आहे, महिनाअखेर सूची द्यायची आहे. ती वेळेवर गेली नाही तर पुढचं पुस्तक मला कोण देणार? तेव्हा सकाळी बसले की सगळं काल होतं तिथेच हवं. इथे सोमवारी एका जातीचं लिनक्स, गुरुवारी दुसऱ्या. एकात मराठी टाइप होतं पण छापलं जात नाही, दुसऱ्यात छापलं जातं पण चौकोन. आणि सगळं सुरळीत झालं की यांना चैन पडत नाही. दुकानातही हीच रीत. दुरुस्त झालेलं घड्याळ पुन्हा उघडून, ते का चालतंय हे पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

आता फ्रीबीएसडी नावाचं काहीतरी वाचलंय. लिनक्समध्ये म्हणे गाभा एकाचा, बाकीचे भाग ठिकठिकाणचे. हे मात्र एकाच कारखान्यातून निघालेलं घड्याळ. माझा घास तोंडात असतो तेव्हा हे ऐकावं लागतं.

कुठलं तरी एक सांग आणि त्यांना दम भर. तुझ्यावर राग आहे, त्याहून लोभ जास्त आहे.

तुझी वहिनी


८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

माझ्याकडे अख्ख्या कॉलेजचे संगणक आहेत, पण सगळे मिळून तुमच्या एकाएवढा ताप देत नाहीत. दादाचं नवं नाही गं. माझी बोलकी बाहुली त्याने उघडली होती, कशी बोलते ते बघायला. ती नंतर जन्मात बोलली नाही.

डेबियन टाका, तेही लिनक्सच. कंटाळवाणं आहे, म्हणूनच सांगते. आज आहे तसंच उद्या असेल. फ्रीबीएसडी वाईट नाही, आमचा साठवणीचा मोठा संगणक त्यावरच चालतो आणि त्याचं माहितीपुस्तक तर दादाला कादंबरीसारखं वाटेल. पण छपाई, आवाज, वायफाय सगळं जुळवायला तिथे बसावं लागतं, आणि तुझ्या सूचीला तेवढी सवड नाही. त्याचं नाव या महिन्यात घरात काढू नका.

आणि सूचीची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेव. आजच ठेव. दादाला माझा नमस्कार आणि दम, दोन्ही सांग.

तुझीच,
ठकी


१५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

वहिनीच्या आधी मीच कळवतो. तिचं काम गेलं.

फ्रीबीएसडी एकदाच लावून बघू, रात्रीपर्यंत तुझं डेबियन परत टाकू, असं मनाशी ठरवलं होतं. सूचीची प्रत पेन ड्राइव्हवर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून निर्धास्तपणे संगणकाची डिस्क पुसली. पण त्याआधी नवी प्रणाली चढवायला पेन ड्राइव्ह लागला, तेव्हा टेबलावर जो होता तोच घेतला. तो तिचा होता, आणि नवी प्रणाली भरताना त्यावरचं सगळं पुसलं गेलं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं सांभाळली, कधी एकाचा भाग दुसऱ्यात गेला नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खुणा केलेले छापील कागद काढले आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी कागद वाचून दाखवतो, ती टाइप करते.

तू मला मूर्ख म्हणशील. म्हण. चिमट्यात स्क्रू धरवत नाही आता, ठके. संगणकाला मात्र माझा हात स्थिर आहे की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. म्हणून हावरटपणा झाला. डेबियन टाकलं आहे, यापुढे हात लावणार नाही.

तुझा,
दादा


६ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

सूची चार दिवस उशिरा का होईना, गेली. संपादकबाईंनी कुरकूर केली, पण पुढचं पुस्तक माझ्याकडेच आहे. तुझं डेबियन गोगलगाईसारखं गरीब आहे. छापतं, वाजतं, काल होतं तसंच आज असतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मी पुन्हा तक्रारच करायला बसले आहे.

तुझे भाऊ त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. परवा वर्तमानपत्र वाचायचं होतं, तर दारात उभे राहून, थोडा वेळ बसू का, असं मला विचारलं. लग्न झाल्यापासून या माणसाने मला कधी कशाची परवानगी विचारली नव्हती, त्यावरून मी किती भांडले असेन. आणि विचारली तेव्हा मला ते अजिबात सहन झालं नाही. दुपारभर खिडकीत बसायचे, थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली ठेवून.

शेवटी मी समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा जुना संगणक भंगारात निघाला होता, तो मागून आणला आणि यांच्या घड्याळाच्या टेबलावर ठेवला. हा तुमचा, म्हटलं, यात माझं एक अक्षरही नाही, हवं ते घाला. आधी नको नको म्हणाले. मग त्यातली धूळ बघून डॉक्टरीणबाईंच्या नावाने शंख केला आणि ब्रश घेऊन बसले. काल फ्रीबीएसडी चढलं. आज त्यातून आवाज येत नाही म्हणून सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय, चहा दोनदा गार झाला, आणि मला एका पानात धड लक्ष घालता येत नाहीये. वैताग आहे नुसता. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून आले, ते त्यांना कळवू नकोस.

संध्याकाळी तुला फोन करतील, आवाज का येत नाही ते विचारायला. तुला उत्तर ठाऊक असणार. लगेच सांगू नकोस.

आठवण ठेव, आणि जमेल तेव्हा चार दिवस ये.

तुझी,
वहिनी