डेक्लनच्या गालावरची तीट

महबूला, कुवेत
फाल्गुन, १९९०

ती. गंगूअक्काच्या पायांवर धाकट्या सीतेचं डोकं.

तुझी कंबर कशी आहे नि म्हैस व्याली का, ते आधी कळव. इकडे शैलेश, सूनबाई रुपाली नि नातवंडं खुशाल. मी तर इतकी खुशीत आहे की कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून डेक्लनपासूनच करते.

डेक्लन म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा गोरा, आयर्लंडचा. (त्याला इंग्रज म्हणायचं नाही, असं शैलेशने बजावलंय.) बारा वर्षं देशाकडून रग्बी खेळला, तेही अगदी पुढच्या रांगेत. या खेळात आठ बाप्ये इकडचे नि आठ तिकडचे डोक्याला डोकी लावून रेड्यांसारखे रेटतात (आणि चेंडू बघावा तर पायांमधून मागे निघून गेलेला). रेटून रेटून त्याचे कान पार चुरगळलेत. मोठमोठ्या मैदानांत लोक त्याच्या नावाने ओरडायचे म्हणे. मग गुडघा गेला, देशाने दुसरा गडी घेतला नि हा इथे नोकरीला आला. शैलेश इस्पितळात गुडघ्यांचे व्यायाम करून घेतो, तिथली ओळख. डेक्लन मला आजी म्हणतो नि सोलकढी तांब्याने पितो.

गेल्या शुक्रवारी वाळूवर त्याचा शेवटचा सामना होता. डॉक्टरांनी यापुढे खेळू नको म्हणून सांगितलेलं. एकदा जिंकून थांबायचं, एवढीच त्याची इच्छा. मी म्हटलं, एवढं धिप्पाड लेकरू, दृष्ट लागायची. काजळाची डबी नेली नि गालावर तीट लावली. ते बघून त्याचे सोबती रांगेत उभे राहिले. त्यांना लावली. मग दुसऱ्या रंगाच्या सदऱ्यातले आले. आता पंगतीला बसलेल्यातून कुणाला वगळायचं का अक्का? त्यांनाही लावली. व्हायचं तेच झालं, सामना बरोबरीत सुटला. शैलेश म्हणाला, "आई, तू दोन्हीकडून खेळलीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डेक्लन लंगडत आला नि आपला देशाचा हिरवा सदरा माझ्या खांद्यांवर घातला. काहीतरी बोलला, ते शैलेशने सांगितलं: दोन्हीकडची माणसं हसत बाहेर आलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

तुझी सीता

ता. क. येणाऱ्या माणसाबरोबर निरगुडीचं तेल धाड. गुडघा फार सुजलाय बिचाऱ्याचा.

पुन्हा ता. क. खरं सांगते, सुजलेला गुडघा माझा. चेंडू माझ्या पायाशी आला तेव्हा पदर खोचून मी तो घेऊन पळाले. (एवढे बाप्ये नि चेंडू एक, कुणीतरी उचलून ठेवायला नको?) डेक्लनची पुढच्या रांगेतली जागा आता रिकामी आहे नि त्याने माझं नाव सुचवलंय. भावोजींना यातलं काही बोलू नकोस.