सोड्यांच्या डब्यातला कॉम्प्युटर

किहीम,
५ जानेवारी २०२६

चि. दिपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून लिहितो. दिवाळीत तू गच्चीवरच्या माझ्या दुर्बिणीला मोटरी लावल्यास आणि पत्त्यांच्या जोडाएवढा तो स्वस्तातला कॉम्प्युटर बसवून गेलीस. तेव्हा ढग होते, म्हणून परीक्षा राहिली. आता झाली. तुझं यंत्र नापास आहे. मोबाईलवर गुरू निवडला की दुर्बीण आपोआप वळेल आणि गुरू खाली घरातल्या टीव्हीवर दिसेल, असं तू म्हणाली होतीस. तीन संध्याकाळी मी मोबाईल बडवतोय. त्याला तुझं यंत्र सापडतच नाही.

निगा कमी पडली म्हणू नकोस. मिठागरावर वाढलेला माणूस आहे मी, खारा वारा काय काय खातो ते मला कुणी शिकवू नये. परीक्षेच्या पहिल्याच दिवशी यंत्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातलं, वायरींपुरतं भोक पाडलं.

खरं सांगतो, मला रागच आलाय. बावीस वर्षं ही दुर्बीण मी हातानं फिरवली, आरसासुद्धा मीच घासला. आणि आता जिथं डोळा लावायचा तिथं कॅमेरा! बाप म्हातारा झाला असं सरळ तोंडावर सांगायचं होतंस. संक्रांत झाली की सगळं काढून कुरियरनं परत पाठवतो.

आईचे गुडघे तसेच. रागावलोय, पण माया आटलेली नाही. तुझीही आटू देऊ नकोस.

तुझे बाबा


पुणे,
८ जानेवारी

ती. बाबांना,
दिपालीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळेना. बाबा, तो कॉम्प्युटर मोबाईलशी वायफायवरून बोलतो आणि स्टीलच्या बंद डब्यातून वायफाय बाहेर पडत नाही. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत आणि वर नापासही त्यालाच केलंत! प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

आता माझा राग ऐका. तुम्ही म्हातारे झालात म्हणून मी हे केलं, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. ते तुमच्यासाठी नव्हतंच. आईसाठी होतं. गच्चीची ती लोखंडी शिडी आई कधी चढलीच नाही, आधी स्वयंपाकामुळं आणि आता गुडघ्यांमुळं. रोज तुम्ही वरून ओरडून सांगता की गुरू आला, चंद्रावरचे खड्डे काय झकास दिसतायत. ती खाली भाकऱ्या थापत हो हो म्हणते. तिला बघावंसं वाटतं का, हे कधी विचारलंत? मी दिवाळीत विचारलं, तर म्हणाली की आता कुठलं, बाई. यंत्र परत पाठवायचं तर आधी तिला विचारा.

उलट बोलले, पोटात घाला. मायेत कमी करू नये.

आपली दिपाली


किहीम,
१४ जानेवारी

चि. दिपाली,
अ. उ. आ.

संक्रांत असली तरी मी आज गोड बोलणार नाही.

तुझं पत्र वाचून यांनी उशीखाली घातलं. मी काढून वाचलं. मग तो स्टीलचा डबा खाली आणायला लावला, तर माझा सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा डबा! लग्नात माहेरून आलेला, माझं नाव घातलेला. आणि भोक नेमकं त्या नावावर! सोडे पिशवीत कोंबलेले, म्हणून आठवडाभर मांजर घर सोडत नव्हती. मला एका शब्दानं विचारलं नाही. डब्याचं नाही, दुर्बिणीचं नाही, कशाचंच नाही.

यंत्र मी आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला लावलं. परवा जेवणाआधी हे मोबाईल घेऊन वर गेले, मी खाली टीव्हीसमोर खुर्चीत बसले. आणि आला की गुरू! गोल, पट्ट्यापट्ट्यांचा, बाजूला त्याचे चंद्र. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. बावीस वर्षं हे सगळं डोक्यावर होतं आणि मी त्याच्याखाली भाकऱ्या भाजत होते.

हे मोबाईलमध्ये बघून वरून ओरडले की तीन चंद्र आहेत. मी खालून ओरडले की चार आहेत, चष्मा लावा. तरातरा खाली आले. मी टीव्हीवर बोट ठेवून चौथा दाखवला, गुरूला अगदी चिकटलेला. चष्मा लावून बघितलं, मग हळूच म्हणाले की हाय खरा.

यंत्र परत येणार नाही. तू मात्र लवकर ये, आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे, आणि येताना नवा डबा आण, नाव घातलेला. आता पत्र पुरं करते. हे शेजारी खुर्ची ओढून बसलेत, मोबाईल माझ्या हातात दिलाय आणि मला विचारतायत की आज काय बघायचं.

तुझी आई