निकामी

४ मार्च

ती. ताई,

सा. न. वि. वि.

माझ्यावर ओढवलेला घोर अन्याय आधी ऐक. कचेरीतल्या माझ्या खुर्चीचा पाय मोडून चार महिने झाले. तिला निकामी ठरवायला तीन सह्या लागतात आणि तिसरे साहेब रजेवर आहेत. तोवर कोर्टाचा हा कारकून तिरका बसून न्यायाला हातभार लावतोय.

आपल्या खेचराचं, म्हातारीचं, वाचून मात्र जीव कळवळला. तिने चार रोपं खाल्ली म्हणून रोपवाटिकेवाल्याने तिच्या मागच्या पायावर कोयता चालवावा! कायदा असा: जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं तर तुरुंग, नुसतं जखमी असेल तर किरकोळ दंड. फिर्याद 'निकामी' अशीच लिहिली आहे. फुली केली आहे तिथे भावजींची सही घे.

लोभ सरळच आहे, बसणं तेवढं तिरकं.

धाकटा

११ मार्च

चि. अर्धवकिलास,

अनेक आशीर्वाद.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; तू रोज चढतोस, म्हणून रागावत नाही. कागद सहीशिवाय परत पाठवते आहे.

म्हातारी आता तीन पायांवर अंगणभर फिरते, चौथा नुसता टेकवते. विटा वाहणार नाही, हे खरं. पण निकामी? ह्यांची कंबर गेली तेव्हा वीटभट्टीवाल्याने ह्यांच्या हजेरीच्या कार्डावर हाच शब्द लिहिला. तेव्हापासून हे स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे गप्प बसून असतात. तोच शब्द ह्यांनी तिच्यासाठी लिहून द्यायचा? दुसरा असेल तर पाठव.

जिवाला जप.

ताई

२ एप्रिल

ती. ताई,

सा. न. वि. वि.

दुसरा शब्द कायद्यात नव्हता. फिर्याद 'जखमी' म्हणूनच उभी राहिली आणि रोपवाटिकेवाला दंड भरून हसत घरी गेला. भावजी स्वतः काही सांगायचे नाहीत, म्हणून त्यांच्याच हाती हे पत्र देतो.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, जनावर काही कामाचं राहिलं आहे का. मी खालून मान हलवून खुणावून थकलो: 'नाही' म्हणा, अजूनही कलम वाढेल. भावजी साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले की ओझं उचलत नाही, पण सकाळी मला बघून उठते. साहेबांनी ते टिपून घेतलं नाही. कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा माझी ट्रंक म्हातारीनेच बसथांब्यापर्यंत वाहिली होती. गाजरं देतो म्हणून कबूल केलं, तेवढ्यात बस आली. भावजींच्या पिशवीत तळाशी दोन किलो ठेवली आहेत.

तुम्हा तिघांचा लोभ असू द्यावा.

धाकटा