लाँचवरचं कालवण

प्रिय बाबल्या,

फोनवर मी बोलायला लागले की तू हसतोस, नाहीतर रेंज गेली म्हणून ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे. सासुरवाडीच्या अंगणात जाळी दुरुस्त करत बसला असशील. ती बाजूला ठेव आणि सगळं शेवटपर्यंत वाच.

तुझ्या दादाचं कोलेस्टेरॉल वाढलं हे तुला ठाऊकच आहे. मासेमारीची बंदी लागली तेव्हा रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी असं झापलं की लाँचवर सगळ्यांना दम भरणारा आपला तांडेल खाली मान घालून बसला. आधी खाणं सुधारा, रोज चाला, तंबाखू सोडा, मग गोळीचं बघू म्हणाले. तेव्हापासून घरात महाभारत. तळण बंद, बांगडा फक्त कालवणात. त्यातलं खोबरंही निम्मं केलं, तर हे वाटीत बघून विचारतात, ह्यात मासा पोहतोय की बुडालाय? सकाळी नाचणीची भाकरी नि पालेभाजी, रात्री कुळथाची पिठी. तंबाखूची पुडी मी स्वतः चुलीत घातली. एकदा शेजारच्या येसूबाईकडे तळलेले बोंबील खाताना सापडले, तेव्हा मी चांगला अबोला धरला. आता मात्र पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालून येतात, नाक मुरडत का होईना. परवा पुन्हा तपासलं, आकडा बराच उतरलाय. मी देवापुढे पेढे ठेवले, ह्यांना अर्धाच दिला.

आता नारळी पौर्णिमा आली. नारळ सोडला की लाँच निघणार, आणि तिथलं जेवण तुझ्या हातचं. कालवणावर तेलाचा तवंग नसला तर खलाशी जेवत नाहीत, असं तू म्हणतोस. जेवतील, भूक लागली की सगळे जेवतात. दादाच्या ताटात तळलेली तुकडी नको, फरसाणाचा डबा केबिनमध्ये नको. पण एवढ्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, घरात आणखी कुणाला हृदयाचं काही होतं का? तेव्हा आबांचं निघालं. मी या घरात नवी होते, तू शाळेत होतास. आबा पन्नाशीही न गाठता लाँचवर, जाळं ओढता ओढता गेले. छातीत दुखतंय म्हणत होते, बाकीचे पित्त म्हणाले, आणि धक्का गाठायला सबंध रात्र गेली. डॉक्टर म्हणाले, हे बापाकडून रक्तातून येऊ शकतं, भावालाही तपासा. तुला किती वेळा सांगितलं! तुझं आपलं एकच, "काय नाय गो वयनी, माज्या अंगाला चरबी हाय कुठं?" बारीक माणसालाही होतं रे. बाहेरून काही दिसत नाही.

तुझ्या बायकोचा, नेत्राचा काल फोन आला. देवळाकडून घाटी चढताना तू मध्येच थांबतोस, छाती चोळतोस, आणि वयनीला सांगू नको म्हणून तिला शपथ घातलीस. तिच्यावर डाफरू नकोस, बिचारी रडत होती. हे भाकरी नि पिठीवर निभावण्यासारखं दुखणं नाही, बाबल्या. आधी डॉक्टर, बाकी सगळं मागून. मी दादाला सांगितलं. ते तडक धक्क्यावर गेले आणि तुझ्या जागी दुसरा माणूस ठरवून आले. या खेपेला लाँच तुझ्याशिवाय जाणार. तू चिडशील, मला वाट्टेल ते बोलशील. बोल, पण माझ्यासमोर बसून बोल. मला फार भीती वाटते आहे. पत्र घेऊन आलेला भागोजी रिक्षा घेऊन दारात थांबलाय. मी त्याला बजावलंय, तू बसल्याशिवाय रत्नागिरीला परत यायचं नाही.

कितीही चिडलास तरी तुझीच,
बकुळा वयनी